हरायची शिकवणी

औशाच्या बाजारात रेणुकादास गुरुजींना लोक तोंडावर 'गुरुजी' म्हणत आणि पाठ फिरली की 'तिर्रट गुरुजी'. तिर्रट म्हणजे तीन पानांचा जुगार. हे नाव ज्याने पहिल्यांदा काढलं त्याच्या जिभेला हाड नव्हतं, एवढंच म्हणतो. ज्या माणसाने तिशी उलटेपर्यंत पत्त्यांना हात लावला नव्हता, ज्याच्या घरी दिवाळीतसुद्धा सोंगट्यांवर भागत असे, त्याला पत्ते पिसायला शिकवलं ते ह्याच बाजाराने. गावाची रीतच असते ही. आधी बोट धरून खड्ड्यापर्यंत न्यायचं आणि मग वरून वाकून विचारायचं, गुरुजी, पडलात कसे?

गुरुजी मूळचे नांदेडचे. निजाम सरकारच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, नोकरी होती, पगार वेळेवर होता. पण शिकवायचं ते सगळं उर्दूतून. खेड्यातून आलेली मराठी पोरं वर्गात तोंड शिवल्यासारखी बसत. त्यांना उत्तर येत असे, भाषा येत नसे. गुरुजींना ते बघवेना. एक दिवस त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं, बायकोला घेऊन तिच्या आजोळी औशाला आले आणि किल्ल्याच्या खंदकाशेजारी एका तेल्याच्या बंद पडलेल्या घाण्याची जागा भाड्याने घेऊन मराठी शाळा काढली. भिंतींना करडईच्या तेलाचा वास इतका मुरलेला की पोरांच्या सदऱ्यांनाही तो लागे. आया कुरकुरत, पण पोरं पाठवत. पहिलीच्या पोरांना अंक शिकवायला गुरुजींनी चिंचोक्यांची एक थैली केली होती. एक चिंचोका, दोन चिंचोके करत पोरं शंभरापर्यंत जात आणि गुरुजींचा चेहरा असा फुले की जणू त्यांनाच पगारवाढ मिळाली.

अडचण एकच होती. खानगी, म्हणजे खासगी, शाळा चालवायची तर सरकारची परवानगी लागे. अर्ज हैदराबादला जाई, पण त्याआधी त्यावर तहसीलदारांचा शेरा पडावा लागे. शेरा चांगला पडला तर शाळा राहणार, वाईट पडला तर दाराला कुलूप. गुरुजींनी अर्ज दिला त्याला वर्ष होत आलं होतं आणि शेऱ्याचा पत्ता नव्हता.

तहसीलदार होते मीर अकरम अली. हैदराबादचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. कचेरीत कुणाच्या पानसुपारीलाही हात लावायचे नाहीत. त्यांचा शौक एकच. शुक्रवारी कचेरीला सुट्टी. दुपारची नमाज झाली की बंगल्याच्या ओसरीवर सतरंजी पडे आणि गावातली चार प्रतिष्ठित मंडळी साहेबांबरोबर तिर्रट खेळायला बसत.

त्या चौघांत माणिकप्पा होता. भुसार मालाचा अडत्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, चहासुद्धा न पिणारा माणूस. व्यसन म्हणाल तर तिर्रटचं तेवढं. त्याचा मुलगा गुरुजींच्या शाळेत होता, म्हणून गुरुजी एकदा त्याच्याकडे गेले आणि अर्जाचं गाऱ्हाणं सांगून बसले.

"गुरुजी, तुमी लई भोळे हाव," माणिकप्पा म्हणाला. "सायेब लाच घेत न्हाईत, हे खरं. पर डावात घेतात की. शंकरप्पाला सरकीच्या कारखान्याचा परवाना कसा गावला? जुम्म्याला जाऊन हारत बसला बगा. हात पुढं करत न्हाईत सायेब, पत्ते पुढं करतात."

"मला तर खेळता येत नाही," गुरुजी म्हणाले.

"म्हणूनच तर शिकायचं. आन जिकायला न्हाई, हारायला शिकायचं. जिकायला कुनीबी शिकतंय."

शंकरप्पाचा परवाना त्याच्या हरण्यामुळे आला की यायचाच होता म्हणून आला, हे कुणी तपासलं नव्हतं. बाजारात अशा गोष्टी तपासत नाहीत. एकाने सांगितली, दुसऱ्याने मान हलवली, की ती खरी होते. गुरुजींनीही मान हलवली. शिकलेला माणूस, पण गरज माणसाला बाजाराच्याच रांगेत उभी करते.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की माणिकप्पाच्या गोदामात ज्वारीच्या पोत्यांवर शिकवणी सुरू झाली. पैशांऐवजी लावायला काहीतरी हवं होतं. गुरुजींनी शाळेतली चिंचोक्यांची थैली आणली. ती आणताना त्यांना काही वाटलं नसेल असं नाही. पण शाळेसाठीच तर चाललंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"सगळ्यात वर तिर्रट," माणिकप्पा पानं मांडत सांगे. "तीन सारखी. तीन एक्के आले म्हंजी देवच आला. त्याच्याखाली एकाच रंगाची, ओळीनं. मंग नुसती ओळीची. मंग नुसता रंग. मंग जोडी. कायच न्हाई आलं तर मोठं पान. पानं न बघता खेळलं तर निम्मे पैसे, बघून खेळलं तर पुरे. झेपंना झालं की पानं टाकायची आन गप बसायचं."

गुरुजींनी हे सगळं पाढ्यासारखं एका दमात म्हणून दाखवलं. माणिकप्पा हसला. "पाठ करून काय होत न्हाई. आता मला हारून दावा."

आणि इथे खरी गंमत होती. गुरुजींना वाटलं होतं, हरायला काय लागतं? पण लगेच पानं टाकली तर माणिकप्पा म्हणे, "हे भिणं झालं, हारणं न्हाई. सायबाच्या पदरात काय पडलं?" आणि भलत्याच वेळी पैसे लावले तर डाव चुकून गुरुजींकडेच येई. नीट हरायचं तर समोरच्याकडे आपल्यापेक्षा भारी पानं कधी आहेत हे आधी कळलं पाहिजे, आणि मग नेमकं तेव्हाच हट्टाने पैसे वाढवत गेलं पाहिजे. म्हणजे जिंकणाऱ्याला जेवढी अक्कल लागते तेवढीच हरणाऱ्याला, वर तोंडावर निराशा आणायचं काम वेगळं.

गुरुजींना ते जमलं. फार लवकर जमलं, हे त्यांचं दुर्दैव. इतकी वर्षं त्यांनी पोरांचे चेहरे वाचण्यातच घालवली होती. ज्याला उत्तर येतं ते पोर खाली बघतं, ज्याला येत नाही ते गुरुजींच्या डोळ्याला डोळा लावून धीटपणाचं सोंग आणतं. मोठी माणसं काही वेगळी नव्हती. माणिकप्पाला चांगली पानं आली की त्याचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडे जाई. दसरा व्हायच्या आत गुरुजी त्याच्या हातातली पानं जवळजवळ सांगू शकत होते. सांगत मात्र नसत.

पहिल्या शुक्रवारी माणिकप्पा त्यांना बंगल्यावर घेऊन गेला. साहेबांनी उठून सतरंजीवर जागा करून दिली. "मास्टर साहब, आप भी खेलते हैं?" त्यांना जरा नवल वाटलेलं दिसलं. गुरुजींना ते नवल आनंदाचं वाटलं.

त्या दिवसापासून गुरुजी दर शुक्रवारी हरू लागले. साहेबांच्या चेहऱ्यावर काही कळत नसे, पण चांगली पानं आली की ते समोरच्या चहाला हात लावत नसत. कप तसाच निवून जाई. कप निवू लागला की गुरुजी पैसे वाढवत. साहेबांनी घोट घेतला की पानं टाकून देत. पोरांच्या शिकवणीतून येणारे चार हाली, म्हणजे निजामी, रुपये त्या सतरंजीवर जात. आणि गुरुजी घरी येताना हिशेब करत की आज शाळा परवानगीच्या किती जवळ आली.

एकदा त्यांनी पानं उचलली आणि तीन बादशहा निघाले. तीन सारखी. माणिकप्पाच्या भाषेत, देवाच्या खालोखालचं कोणीतरी आलं होतं. समोर साहेब चहा पीत होते, म्हणजे त्यांच्याकडे काही नव्हतं आणि तरी ते पैसे वाढवत होते. गुरुजींनी पानं पुन्हा एकदा बघितली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हरायचा संताप आला. वाटलं, एकदा दाखवावं. एकदा ह्या सगळ्यांना कळावं की हा माणूस मूर्ख नाही. मग त्यांना घाण्याची ती जागा आठवली, तेलकट भिंतीला टेकून बसलेली पोरं आठवली. त्यांनी तिन्ही पानं पालथी घालून बाकीच्या पानांत सरकवली.

"फिर हार गए, मास्टर?" साहेब म्हणाले.

"नशीब, साहेब," गुरुजी म्हणाले.

साहेब थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आज बस करो मास्टर. घर जाओ."

गुरुजी घाबरले. वाटेत त्यांनी माणिकप्पाला विचारलं, साहेब नाराज झाले का? माणिकप्पाने ओठ मुडपले. "कमी वाटायलं आसंल त्यांना. बस करो म्हंजी काय, एवढ्यावर बसणार न्हाई म्हंजी. तुमी जरा मोठा डाव लावा."

सरळ बोललेलं सरळ ऐकायचं नाही, ही आपल्याकडची जुनी खोड. साहेब 'घरी जा' म्हणाले आणि ह्या दोघा शहाण्यांनी त्यातून 'आणखी आणा' असं काढलं.

घरात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. चंद्रप्रभाबाईंच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ तेवढी होती. गुरुजींनी मागितली तेव्हा त्यांनी रडारड केली नाही. माळ काढून पदराने पुसली आणि हातात धरून उभ्या राहिल्या.

"अहो, एकदा विचारून तरी बघा साहेबांना. अर्जाचं काय झालं म्हणून."

"असं विचारायचं नसतं."

"का नसतं?"

वर्गात गुरुजी पोरांना सांगत की अडलं तर विचारा, विचारायला लाजू नका. बायकोला मात्र ते म्हणाले, "तुला ह्यातलं कळत नाही." चंद्रप्रभाबाईंनी माळ त्यांच्या हातावर ठेवली आणि चुलीकडे गेल्या. गळ्यात नुसता काळ्या मण्यांचा सर उरला.

त्या शुक्रवारी पुतळ्या एकेक करून सतरंजीवर गेल्या. साहेबांनी पहिली पुतळी उचलून निरखली, ती कुणाच्या गळ्यातली असणार हे त्यांना कळलं असलं पाहिजे. चहाचा कप निवत राहिला. गुरुजी वाढवत राहिले. दोन पुतळ्या माणिकप्पाकडे गेल्या, बाकी साहेबांकडे. गुरुजी घरी आले ते हलके होऊन आले. आता झालंच, असं ते बायकोला म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढच्याच आठवड्यात कचेरीचा शिपाई बोलवायला आला. गुरुजी धुतलेला कोट घालून गेले. जाताना शाळेत डोकावून मोठ्या पोरांना म्हणाले, पाढे म्हणत बसा, मी येतो तेव्हा तुम्हाला एक बातमी सांगेन.

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"मास्टर, मैं तुम्हारा मदरसा खुद देखकर आया था. बहुत पहले," ते म्हणाले. "बाहर खड़ा रहकर सुना. बच्चे अच्छा पढ़ते हैं. मैंने अच्छा शेरा लिखकर रखा था. जिस हफ्ते भेजना था, उसी जुम्मे को तुम पत्ते खेलने आए."

गुरुजींनी मान वर करून पाहिलं.

"मैंने सोचा, देखूँ, ये आदमी कैसा है. हर जुम्मे को सोचता था, आज उठेगा. तुम नहीं उठे. मैंने कहा घर जाओ, तो तुम बीवी का ज़ेवर ले आए." साहेबांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. "मैं तो अकेला आदमी हूँ, दिल बहलाता हूँ. मगर जो आदमी रुकना नहीं जानता, उसके हाथ में लोगों के बच्चे कैसे दूँ? मैंने कल शेरा बदलकर भेज दिया."

"साहेब," गुरुजी कसेबसे म्हणाले, "मी मुद्दाम हरत होतो."

साहेब खिन्नपणे हसले. "हर हारनेवाला यही कहता है, मास्टर."

गुरुजींच्या ओठावर आलं होतं की साहेब, तुमची पानं चांगली असली की तुम्ही चहा पीत नाही. तीन बादशहा मी तुमच्यासमोर टाकले आहेत. एवढं बोलले असते तर साहेबांना पटलं असतं. पण मग साहेबांनी विचारलं असतं, मुद्दाम का हरलास? आणि त्याचं उत्तर एकच होतं, की मी तुम्हाला लाच देत होतो. ज्या माणसाने पानसुपारीला हात लावला नाही, त्याला इतके महिने नकळत लाच चारली असं त्याच्या तोंडावर सांगायचं! जुगारी म्हणून बाहेर पडायचं की लाच देणारा म्हणून, एवढीच निवड उरली होती. गुरुजींनी इथेही पानं पालथी घातली. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

त्याच दिवशी माणिकप्पा एक थैली घेऊन गुरुजींच्या घरी आला. साहेबांनी दिली होती. गुरुजींकडून जिंकलेला पैसा न् पैसा आणि पुतळ्या त्यांनी बाजूला ठेवल्या होत्या, आणि निरोप दिला होता की ही थैली बाईंच्या हातात द्या, मास्टरच्या देऊ नका. माणिकप्पाने ती चंद्रप्रभाबाईंच्या समोर ठेवली. त्याने स्वतः जिंकलेल्या दोन पुतळ्या थैलीत नव्हत्या, आणि त्याबद्दल तो काही बोलला नाही.

"आमाला काय म्हाईत वो, सायेब खरंच पराम्हाणिक हाय म्हणून," उंबऱ्यावर उभा राहून तो म्हणाला. "आसा माणूस आसतोय का कुठं?"

शाळेला कुलूप लागलं. घाण्याची जागा एका भुसाऱ्याने कडबा भरायला घेतली. पोरं काही दिवस सवयीने येऊन दाराशी उभी राहिली, मग येईनाशी झाली. नांदेडच्या नोकरीत परत जायला तोंड राहिलं नव्हतं, म्हणून गुरुजी माणिकप्पाच्याच अडतीवर लिहायला बसले. चिंचोक्यांची थैली तिथल्याच फळीवर पडून राहिली.

शुक्रवारी आता बाजारातल्या मंडळींचा अड्डा माणिकप्पाच्या दुकानामागे बसे. एकदा गुरुजींना कुणीतरी चेष्टेने बोलावलं, या गुरुजी, तुमी हारायला तरी या. गुरुजी बसले. आणि त्या दिवशी ते जिंकले. रागाने जिंकले. पुढच्या वेळीही जिंकले. समोरच्यांचे खाली गेलेले डोळे, खाकरणं, कान खाजवणं, सगळं त्यांना उघड्या पुस्तकासारखं दिसत होतं आणि आता कुणासाठीही हरायचं कारण उरलं नव्हतं. आनंद त्यांना कधी झाला नाही. जिंकलेले पैसे घरी नेले तर चंद्रप्रभाबाई त्यांना हात लावत नसत. ते पैसे देवळाच्या पेटीत जात. पण गावाला पेटी दिसत नाही, पत्ते दिसतात. हळूहळू निलंग्या-उदगीरकडून माणसं येऊ लागली, गुरुजी, जरा डाव शिकवा. गुरुजींनी कुणाला नाही म्हटलं नाही. औशात त्यांच्याकडे मराठी शिकलेली पोरं मोजकीच. तिर्रट शिकलेले गडी मात्र चिक्कार. नाव पडलं ते तेव्हा.

पुढे निजामाची राजवट गेली. आता परवानगीला कुणाच्या शेऱ्याची गरज नव्हती. औशात मराठी शाळा काढायची म्हणून कमिटी झाली आणि कमिटीचा अध्यक्ष झाला माणिकप्पा. ज्याच्याकडे गोदाम त्याच्याकडे अध्यक्षपद, हे राजवट बदलली म्हणून बदलत नाही. कमिटी मास्तर शोधत होती.

"ह्या वेळी तरी विचारा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

आणि गुरुजींनी विचारलं. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. माणिकप्पाच्या समोर उभे राहून म्हणाले, "मला शाळेत घ्या. पगार नाही दिलात तरी चालेल."

माणिकप्पाने वहीतून मान वर केली नाही. हात मात्र गळ्याशी गेला आणि लिंगाशी चाळा करू लागला. गुरुजींना ती सवय ओळखीची होती. पानं त्याच्याकडे होती.

"माझं काय न्हाई वो गुरुजी. तुमी किती हुशार हाव ते माझ्याशिवाय कुनाला म्हाईत? पर लोकांची लेकरं हायत. लोक म्हणतेत, जुगाऱ्याच्या हातात लेकरं कशी द्यावीत." जरा थांबून तो म्हणाला, "ती तुमची चिंचोक्याची थैली हाय न्हवं? ती तेवढी द्या शाळेला. पयलीच्या पोरांला कामी येईल."

गुरुजींनी फळीवरून थैली काढली, धूळ झटकली आणि त्याच्या गादीवर ठेवली.

घरी आले तेव्हा चंद्रप्रभाबाई दारातच उभ्या होत्या.

"विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

गुरुजींनी टोपी काढून खुंटीला लावली. "साहेब म्हणाले होते तेच. शब्दसुद्धा तेच."

चंद्रप्रभाबाईंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला, जिथे दोन पुतळ्यांची जागा अजून रिकामी होती.

"साहेबांनी निदान घेतलेलं परत केलं होतं," त्या म्हणाल्या.